आठ अक्षरांचं नाटक
स्नेहसंमेलनात दरवर्षी ध्वनिमुद्रित गाण्यांवर नाच बसवण्याऐवजी एखाद्या वर्गाने स्वतःचं पद्यनाटक लिहून करावं, असं मला मनापासून वाटतं. छंद शोधायला लांब जायला नको. छोट्या अभंगाचा आठ अक्षरी चरण मुलांच्या कानात आधीच असतो. समजा, नाटक दुष्काळाचं आहे. एकीने लिहिलं, ‘विहीर आमची आटली’. बोटांवर मोजलं तर नऊ अक्षरं! ‘विहीर माझी’ केलं की आठ होतात, पण सगळ्यांची विहीर एकटीची होऊन बसते. मग मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडतं, ‘गावविहीर आटली’. अक्षरंही बसली, गावही आलं. व्याकरणाच्या तासाला इतकं इरेला पेटून कुणी शब्द शोधत नाही. चालीही नव्याने शोधायला नकोत. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणलं, तेव्हा साकी, दिंडी अशा लोकांच्या ओठांवरच्या चालीच घेतल्या होत्या. मुलांनीही ओवी, भारूड, पोवाडा खुशाल घ्यावा. तालमीत शिक्षकांनी एवढं सांभाळावं की चरण संपला म्हणून थांबायचं नाही, वाक्य संपलं की थांबायचं. नाहीतर संवादांचे पाढे होतात. आणि लेखक म्हणून सगळ्या वर्गाची नावं फलकावर लिहावीत, पडदा ओढणाऱ्याचंसुद्धा.