जुन्या मोटारीची राखण

काही घरांतून वडिलांची वा आजोबांची मोटार आजही मोठ्या आस्थेने जतन केलेली आढळते. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी किंवा बंगालमधील उत्तरपाड्याची अँबॅसडर ही त्यांची परिचित उदाहरणे होत. अँबॅसडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. पद्मिनीचे त्याच्याही पुष्कळ आधी. अशी गाडी चोरीस गेल्यास विम्याची रक्कम एक वेळ हाती पडेल. परंतु ज्या गाडीतून आपण बालपणी आजोळी गेलो, ती पुन्हा विकत मिळणार नाही.

आज पुष्कळ जण अलार्म आणि गाडीचा ठावठिकाणा कळविणारे जीपीएस यंत्र बसवून निश्चिंत होतात. परंतु अलार्म चोरीची वार्ता देतो आणि यंत्र गाडी कोठे गेली ते सांगते. गाडी जागच्या जागी अडविण्याचे काम प्रथम निराळ्या उपायांवर सोपविले पाहिजे.

आधुनिक मोटारीत किल्लीतील इलेक्ट्रॉनिक खूण पटल्यावाचून इंजिन सुरू होत नाही. जुन्या मोटारीत ही सोय नसते. तारा जोडूनही ते सुरू करता येते. म्हणून बॅटरीचा प्रवाह तोडणारे गुप्त बटण बसवून घ्यावे. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल, तर डिस्ट्रिब्यूटरमधील रोटर काढून घरात ठेवावा. त्याच्यावाचून ठिणगी पडत नाही. या उपायास खर्च काहीच नाही. सुकाणूच्या चाकाला लावावयाचे लोखंडी कुलूपही उपयोगी पडते; ते दुरून दिसते, हाच त्याचा मोठा गुण.

तरीही गाडी दोर बांधून ओढून नेता येते. जीपीएस यंत्राची खरी गरज येथे भासते. किमान चार उपग्रहांचे संदेश घेऊन ते स्थान ठरविते आणि मोबाइलच्या जाळ्यातून आपणांस कळविते. तळघरात किंवा लोखंडी कंटेनरमध्ये मात्र हे संदेश क्षीण होतात वा थांबतात. यंत्रातील सिमकार्डाचे पैसे भरण्याचे राहून गेले, तर ते मुकेच राहील. गाडीच्या बॅटरीवर चालणारे यंत्र, गाडी उभी असतानाही, थोडाथोडा प्रवाह घेत असते. म्हणून स्वतःची बॅटरी असलेले यंत्र अधिक सोयीचे. १९६० च्या दशकाच्या मध्यापूर्वीच्या अनेक ब्रिटिश मोटारींत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असते. तेथे जाणत्या इलेक्ट्रिशियनवाचून तारांना हात लावू नये.

अलार्म फार संवेदनशील ठेवू नये. मांजर उडी मारताच तो वाजू लागला, तर शेजारी चार दिवसांत त्याकडे लक्ष देईनासे होतात.

हे सर्व बसविताना पत्र्याला भोके पाडू नयेत. पन्नास वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांसाठी २०२१ पासून ‘व्हीए’ या अक्षरांची स्वतंत्र नोंदणी आहे. मूळ स्वरूपाला तेथे महत्त्व आहे.

शेवटी, चेसिस व इंजिन यांचे क्रमांक आणि गाडीची छायाचित्रे घरात जपून ठेवावीत. रात्री गाडी हलल्याचा संदेश आला, तर स्वतः पाठलाग करू नये. ११२ क्रमांकावर पोलिसांस कळवावे आणि स्थान सांगत राहावे. गाडी कितीही लाडकी असली, तरी तिच्यापायी घरच्या माणसाने जीव धोक्यात घालणे योग्य नव्हे.