संगणक मंदावला? आधी डिस्क ओळखा, मग पैसे मोजा

ज्या व्यापारी बंधूंनी हाताने खतावणी लिहिली आहे, त्यांना ही गोष्ट चटकन समजेल. एखाद्या गिऱ्हाइकाचे पान भरले की आपण खाली लिहितो, 'पुढे पान ८७ वर'. तेही भरले की 'पुढे पान १४२ वर'. खाते एकच, पण उतारा काढायला बसावे तर निम्मा वेळ पाने उलटण्यातच जातो. संगणकात यालाच फ्रॅगमेंटेशन म्हणतात.

हार्ड डिस्कवर फाइल लहान लहान खणांत ठेवली जाते. विंडोजमध्ये हा खण बहुधा ४ किलोबाइटचा असतो. जुन्या फाइली पुसल्या की मधले खण रिकामे होतात आणि सलग जागा न मिळालेली नवी फाइल त्यांत विभागून बसते. रोज वाढणाऱ्या हिशेबाच्या फाइलीचे तर असे तुकडे होतच राहतात. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या डिस्कवर एका तुकड्यावरून दुसऱ्यावर जायला साधारण १२ मिलिसेकंद लागतात. हजार तुकडे विखुरले असतील तर १२ सेकंद नुसत्या धावपळीत गेले!

तुकडे जुळवण्याची, म्हणजे डीफ्रॅगमेंट करण्याची सोय १९९३ च्या एमएस-डॉस ६ मध्येही होती. २००७ मध्ये आलेल्या विंडोज व्हिस्टापासून हे काम ठरलेल्या वेळी आपोआप होते. मग यासाठी दुरुस्तीवाल्याला पैसे का मोजावेत?

आमच्याच कार्यालयातला हिशेबाचा संगणक मंदावला, तेव्हा 'नवाच घ्या' असा सल्ला मिळाला होता. पाहतो तो डिस्क काठोकाठ भरलेली! जुन्या फाइली दुसरीकडे हलवल्या, तुकडे जुळवले आणि काम पुन्हा सुरळीत झाले.

मात्र हा उपाय फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कसाठीच आहे. एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नसते; तिथे तुकडे जुळवून वेग फारसा वाढत नाही, उलट लिहिण्याची मर्यादित क्षमता व्यर्थ खर्च होते. म्हणून एसएसडी 'डीफ्रॅग करून देतो' म्हणणाऱ्याला नम्रपणे नकार द्यावा.

आमचे सांगणे एवढेच : संगणकात कोणती डिस्क आहे ते आधी विचारा. हिशेबाची प्रत आधी दुसरीकडे काढून ठेवा. १५ टक्के तरी जागा मोकळी राहू द्या. डिस्क खडखडत असेल तर जुळवाजुळव करू नका; प्रत काढून ती बदलाच. आणि खर्च करायचाच असेल, तर अख्ख्या संगणकाऐवजी जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवणे अनेकदा स्वस्त पडते.

कापड हातात घेऊन पाहिल्याशिवाय आपण थान उचलत नाही. मग संगणकाच्या बाबतीतच डोळे मिटून पैसे का द्यावेत?