अंडीवाली शेवंड विकणं म्हणजे बियाणं दळून खाणं

आज शेताबाहेरचं लिहितोय, पण मुद्दा बियाण्याचाच आहे.

पोटाखाली अंडी असलेली शेवंड बाजारात सर्रास विकली जाते आणि आपण ती घेतो. माझं स्पष्ट मत आहे, हे थांबलंच पाहिजे.

एक मादी लाखांच्या घरात अंडी पोटाखाली वागवते. त्यातून निघालेलं पानासारखं चपटं, पारदर्शक पिल्लू कित्येक महिने समुद्रात तरंगत असतं. त्यातली मोजकीच जगून तळाला पोचतात. कोळंबीचं बीज हॅचरीतून आणता येतं, शेवंडीचं तसं विकत मिळत नाही. समुद्र हीच तिची रोपवाटिका.

२००३ पासून मुंबईकडच्या काटेरी शेवंडीला निर्यातीसाठी किमान ३०० ग्रॅम वजनाची अट आहे. पण गावच्या बाजारात वजन कोण बघतो?

"मी सोडली तर दुसरा धरेल," असं म्हणतात. मुंबईसमोरची चपटी, बिनकाट्याची शेवंड ट्रॉलरना १९८० च्या दशकात भरपूर मिळायची. १९९४ पर्यंत ती मासेमारी कोलमडली. मग त्या दुसऱ्याला तरी काय मिळालं?

शेवंड जाळ्यातून बहुधा जिवंत निघते, लगेच सोडली तर जगू शकते. म्हणून मच्छीमार सोसायट्यांनीच ठरवावं, अंडीवाली आणि लहान, दोन्ही परत पाण्यात. आणि आपण गिऱ्हाइकांनी त्या घेऊच नयेत.

पेरणीचं बी गिरणीत नेणाऱ्याला आपण शहाणा म्हणतो का? किनाऱ्यावरच्या मित्रांनो, तुमच्या बंदरावर काय चालतं ते जरूर लिहा.