पत्ता आणि मत

निकालाच्या दिवशी वाहिन्यांवर रंगीत नकाशे झळकतात आणि ठोकळेबाज विधाने सुरू होतात: झोपडपट्टी अमक्यांची, टॉवर तमक्यांचे, चाळ पिढीजात आमची. यंदाच्या अंकातले बरेच लेख वस्ती आणि मत यांच्या नात्याभोवती फिरतात, म्हणून या समजुतीची झाडाझडती इथेच घेतलेली बरी. मत वस्तीत घडते, हे खरे. पण ते खोलीच्या आकाराने, पगाराने किंवा ताटातल्या पदार्थांनी आपोआप ठरत नाही. अडीअडचणीला त्या वस्तीत कोण धावून येतो, कोणत्या संघटनेचे दार उघडे असते, यावर ते ठरते.

याला मुंबईच्या गिरणगावाइतका बोलका पुरावा नाही. लालबाग-परळच्या चाळींत एका खोलीतला संसार, गिरणीच्या पाळ्या, सामायिक नळ, खानावळ, भजनी मंडळ ही राहणी अनेक दशके फारशी बदलली नाही; मत मात्र फिरत राहिले. 1957 मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत आणि पुन्हा 1967 मध्ये मध्य मुंबईच्या कामगार वस्त्यांनी कम्युनिस्ट नेते कॉम्रेड डांगे यांना लोकसभेत धाडले. 1970 मध्ये कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला आणि त्यांच्या जागेवर वामनराव महाडिक शिवसेनेचे पहिले आमदार झाले. 18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला. पुढे 1984 च्या अखेरीस, इंदिरा गांधींच्या हत्येनंतर देशभर काँग्रेसची लाट असताना, दक्षिण-मध्य मुंबईने संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत यांना निवडून दिले. चाळी त्याच, माणसेही बहुतांशी तीच. बदलले ते हाकेला ओ देणारे: आधी लाल बावट्याची युनियन, मग नळापासून नोकरीपर्यंतची गाऱ्हाणी ऐकणारी शिवसेनेची शाखा, मग संपातला नेता. दहशतीचा वाटाही होता, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण नुसत्या दहशतीने शाखा इतकी वर्षे टिकली नसती.

यावर पहिला आक्षेप असा, की समान मतांची माणसेच एकत्र राहायला जातात. वस्ती काही घडवत नाही. मुंबईत घर पक्ष पाहून कोण घेतो? घर परवडण्यावर मिळते आणि पुष्कळदा जात, धर्म, मांसाहार पाहून नाकारले जाते. ही चाळणी राजकीय नसली, तरी तिचे परिणाम राजकीय असतात, हे मान्य. मात्र तिने गिरणगावाच्या कोलांट्यांचा उलगडा होत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: वस्तीच्या आकड्यांवरून व्यक्तीचे मत कळत नाही. 1950 मध्ये विल्यम रॉबिन्सन या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने दाखवले, की परदेशात जन्मलेल्यांचे प्रमाण जास्त असलेल्या राज्यांत साक्षरताही जास्त होती, पण त्या स्थलांतरितांत निरक्षरता इतरांपेक्षा अधिक होती. ते मुळात साक्षर राज्यांत जाऊन वसले होते, इतकेच. म्हणून ‘अमुक चाळीने अमक्याला मत दिले’ म्हणताना जपून राहावे. आपली मतमोजणी मात्र ही चूक करायलाच शिकवते. फॉर्म 20 मध्ये बूथनिहाय मते छापली जातात, आणि कोणती गल्ली ‘आपली नाही’ हे कार्यकर्त्याला दुसऱ्याच दिवशी कळते. मग रस्ता, गटार, पाणी त्या हिशेबाने. बूथांची मते एकत्र करून मोजावीत, अशी शिफारस विधी आयोगाने 2015 मध्ये केली होती. ती अमलात आलेली नाही. ज्या वस्तीला गठ्ठा म्हणून वागवले जाते, ती गठ्ठ्याने मत देऊ लागली तर नवल कसले?

ऑगस्ट 2025 मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतल्या 556 कुटुंबांना, 160 चौरस फुटांच्या खोल्यांच्या बदल्यात, उंच इमारतींत 500 चौरस फुटांची घरे मिळाली. राहणीवरून मत ठरत असेल, तर यांचे मत घराबरोबर बदलायला हवे. मला तसे वाटत नाही. लिफ्ट, देखभाल खर्च आणि पार्किंगची भांडणे आता सोसायटीच्या कमिटीपुढे जातील, कोपऱ्यावरच्या शाखेत नव्हे, आणि मत सरकलेच तर या वाटेने सरकेल. तिथल्या बूथचे आकडे हाती येतील तेव्हा मी त्यांच्याआधी मंडळाच्या वर्गणीचे पावतीपुस्तक पाहीन: ते कितव्या मजल्यापर्यंत चढले आणि कमिटीत कोणकोण निवडून आले.