गिफ्टच्या चमच्याचा रेट ऑर्डरला लावू नका



हाताने कोरलेले लाकडी चमचे विकायचेत, रेट काय लावू, असं बरेच जण विचारतात. उत्तर देण्याआधी माझी चूक सांगतो.

चार वर्षांपूर्वी एक मुलगा माझ्या दुकानात सहा चाटू घेऊन आला. आंब्याच्या लाकडाचे, इतके गुळगुळीत की हातातून खाली ठेवावेसे वाटेनात. घरच्यांना, मित्रांना गिफ्ट देऊन झाले होते आणि सगळ्यांनी त्याला "विकायला काढ" म्हटलं होतं. मी पडलो दुकानदार. म्हटलं, एका लग्नाच्या रिटर्न गिफ्टसाठी पन्नास पाहिजेत, पण दीडशेच्या वर परवडणार नाही. तो लगेच हो म्हणाला. मी खूश!

विसाव्या नगापर्यंत त्याचं मनगट सुजलं. घाईत ओल्या लाकडाचे केले, उन्हात वाळवले, त्यातले सात तडकले. ऑर्डर अर्धवट राहिली, पार्टी माझ्यावर चिडली आणि त्या मुलाने कोरणंच सोडून दिलं. बीबीएला कॉस्टिंग शिकलेला मी, पण एका नगाला वेळ किती लागतो हे त्याला एकदाही विचारलं नाही.

वेळ लागतो जवळपास तीन तास. आकार काढा, वाटी कोरा, १२०, २२०, ४०० नंबरचा पॉलिश पेपर मारा, मध्ये एकदा ओला करून उभे राहिलेले तंतू परत घासा, मग तेल. तासाला शंभरच धरले तरी तीनशे झाले. लाकूड, पेपर, तेल मिळून चाळीस. सहातला एक वाया जातो, त्याचा खर्च उरलेल्या पाचांवर. म्हणजे चारशेच्या वर गेलात, आणि यात प्रॉफिट अजून धरलेलाच नाही. वर माझ्यासारख्याचं मार्जिन. मशीनवरचा चमचा बाजारात याच्या पाव किमतीत मिळतो. त्याच्याशी तुम्ही लढणार कसे?

गिफ्टमध्ये तास मोजायचे नसतात, हे मान्य. इंग्लंडच्या शेजारी वेल्समध्ये मुलगा आवडत्या मुलीला स्वतः कोरलेला चमचा द्यायचा. तिथल्या सेंट फॅगन्स म्युझियममध्ये १६६७ सालचा असा एक चमचा आहे. त्याने काही तासाचा रेट लावला नसणार! पण गिफ्ट घेणारा "वा" म्हणतो ते फुकट मिळालं म्हणून. ते वा म्हणजे मार्केट रिसर्च नाही.

म्हणून दुकानदार असूनही सांगतो, हा माल दुकानात होलसेल देऊ नका. एकेका माणसाची ऑर्डर घ्या आणि आधी प्रश्न विचारा. हात उजवा की डावा? भांडं कोणतं, कढई की खोल पातेलं? हलवणार काय? पुरण आटवायचं असेल तर टोक सपाट पाहिजे, तळ खरवडता आला पाहिजे, आणि शेवटी चाटू पुरणात उभा राहतो का हे बघायचं असतं, म्हणून दांडा वरून जड नको. डावखुऱ्या आजीसाठी उतरती कड डावीकडे घेतलेला चाटू मशीनवाला एक नग करून देणार नाही. तिथे सहाशे-सातशे मागताना लाजू नका.

निम्मा ॲडव्हान्स घ्याच. नाव कोरलेला चमचा दुसऱ्या कुणाला विकता येत नाही. लाकडाच्या रेषा दांड्याच्या लांबीत ठेवा, आडव्या गेल्या की मानेशी मोडतो. आणि रंगाच्या दुकानातलं डबल बॉइल्ड जवस तेल लावू नका. सुकवण्यासाठी त्यात धातूची केमिकल्स घातलेली असतात. खायचं, घाण्याचं जवस तेल घ्या. सुकायला दिवस जास्त लागतील, ते डिलिव्हरीच्या तारखेत धरा.

ओळखीचा माणूस ऑर्डर देतो तेव्हा ॲडव्हान्स मागायचा कसा, ते पुढच्या व्हिडिओत बघू. तोवर पुढचा चमचा करायला घ्याल तेव्हा मोबाईलवर वेळ लावून बसा.