कोटाचं खालचं बटण

म्हैसूरच्या इन्फोसिस आवारात नव्याने भरती झालेल्या अभियंत्यांचं निवासी प्रशिक्षण होतं. देशभरातून मुलंमुली येतात. त्यांत सोलापूर, नांदेड, अमरावतीकडचीही असतात. घरातली पहिली पदवी, पहिली नोकरी आणि बॅगेत पहिलाच फॉर्मल जोड. या कंपनीत बरीच वर्षं आठवड्यातले काही दिवस टाय सक्तीचा होता. २०१५ साली ती अट सैल झाली. अट गेली, पण नजर गेली नाही. कॅम्पस मुलाखत असो, पहिलं प्रेझेंटेशन असो की साहेबाच्या घरचं जेवण असो, आधी कपडे पाहिले जातात, मग माणूस ऐकला जातो.

ही नजर काय पाहते? कोटाच्या खांद्याची शिवण बरोबर खांद्याच्या हाडावर संपते का. शर्टाची बाही कोटाच्या बाहीखालून अर्धा इंच दिसते का. टायचं टोक पट्ट्याच्या बकलापर्यंत येतं का. पट्टा आणि बूट एका रंगाचे आहेत का. बसल्यावर मोज्याच्या वर उघडी पोटरी दिसते का. दोन बटणांच्या कोटाचं वरचं बटण लावायचं, खालचं उघडं ठेवायचं, बसताना दोन्ही सोडायची. नव्या कोटाच्या मागच्या फटीवर फुलीसारखा कच्चा टाका असतो, तो घालण्याआधी उसवायचा. बाहीवरचं लेबलही काढायचं. ज्याने आयुष्यात पहिल्यांदा कोट विकत घेतला, तो ते लेबल जपून ठेवतो. आणि ज्याच्या आजोबांकडे कोट होता, तो ते लेबल पाहून गालातल्या गालात हसतो.

आमचं म्हणणं त्या हसण्याबद्दल आहे. वर सांगितलेल्या सगळ्या गोष्टी शिकायला एक तास पुरतो. त्यांत बुद्धी नाही, चारित्र्य नाही, कामाची लायकी तर नाहीच. खालचं बटण उघडं का ठेवायचं? इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड याचं पोट सुटलं, बटण लागेना, दरबाऱ्यांनी त्याची नक्कल केली, अशी आख्यायिका सांगतात. खरी असो वा खोटी, कुणाच्या तरी सवयीचा असा रिवाज होतो, रिवाजाला पुढे ‘संस्कार’ म्हणतात आणि ज्याला तो ठाऊक नाही तो असंस्कृत ठरतो. जातीच्या समाजात राहणाऱ्यांना ही युक्ती नवी नाही.

कुणी काय नेसावं हा आपल्याकडे कधीच निव्वळ आवडीचा मामला नव्हता. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांची वस्त्रं म्हणजे प्रेतावरची वस्त्रं, असा दंडक आहे. ती मनुस्मृती २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळली. त्याच परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांशी वेगळं बोलून सांगितलं, की जात ओळखू येईल असं लुगडं नेसणं सोडा. कपडा फाटका असला तरी चालेल, पण स्वच्छ असू द्या. कित्येकींनी तिथंच नेसण्याची तऱ्हा बदलली. ग्रंथ जाळणं आणि लुगडं घोट्यापर्यंत आणणं ही एकाच लढाईची दोन कामं होती.

पण कपड्यांनी जात जाते, असा भ्रम बाबासाहेबांनी कधी बाळगला नाही. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये त्यांनी १९०१ सालची आठवण लिहिली आहे. सुट्टीत वडिलांना भेटायला ते भाऊ आणि भाच्यांसोबत साताऱ्याहून निघाले. विलायती घाटाचे नवे सदरे, जरीच्या टोप्या, नवे बूट, रेशीमकाठी धोतरं असा सगळा थाट होता. मसूरच्या स्टेशनमास्तरला ही मुलं ब्राह्मणांची वाटली, म्हणून त्याने आपुलकीने चौकशी केली. ‘महार’ हा शब्द कानावर पडताच त्याचा चेहरा बदलला आणि तो आपल्या खोलीत निघून गेला. एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. अखेर दुप्पट भाडं द्यायचं आणि गाडी मुलांनीच हाकायची, या बोलीवर एक जण राजी झाला. पुढे कोलंबिया आणि लंडनला शिकून ते बडोद्यात नोकरीला गेले, तेव्हाही पारशी खाणावळीतून त्यांना लाठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढलं. तरीही त्यांनी कोट उतरवला नाही. म्हैसूरच्या टाउन हॉलजवळ असो वा आपल्या गावच्या चौकात, पुतळ्यातले बाबासाहेब आपल्याला कोट-टायमध्येच भेटतात. तो कोट जात लपवण्यासाठी नव्हता. जातीने नाकारलेली प्रतिष्ठा उघड्यावर घेण्यासाठी होता.

हे जुनं झालं असं कुणी म्हणेल. गुजरातमधल्या बनासकांठा जिल्ह्यात २०२३ साली एका दलित तरुणाने चांगले कपडे आणि गॉगल घातला म्हणून मारहाण झाल्याची तक्रार पोलिसांत नोंदवली गेली. खेड्यात काठीने होतं ते शहरात शेऱ्याने होतं. ‘प्रेझेंटेबल नाही’, ‘पर्सनॅलिटी कमी पडते’ हे ते शेरे.

म्हैसूरने हा वाद शंभर वर्षांपूर्वी पाहिला आहे. जरीचा पेटा आणि लांब कोट हा तिथल्या दरबारी अधिकाऱ्याचा वेश. तो घालणारे बहुतेक एकाच जातीचे का, हा प्रश्न ब्राह्मणेतरांनी विचारला. कृष्णराज वडियार यांनी १९१८ मध्ये न्यायमूर्ती लेस्ली मिलर यांची समिती नेमली आणि १९२१ मध्ये मागास समाजांना नोकऱ्यांत प्राधान्य देण्याचा हुकूम निघाला. दिवाण विश्वेश्वरय्यांचा या धोरणाला विरोध होता. कार्यक्षमता घसरेल ही त्यांची भीती. तेव्हा ‘कार्यक्षमता’ होती, आज ‘कल्चर फिट’ आहे. शब्द बदलला, दारावरचा पहारा तोच राहिला.

आणि गंमत पाहा. कोट शिवतो शिंपी, कापड विणतो कोष्टी, साळी, मोमीन, धुऊन कडक इस्त्री करतो परीट, बूट घडवतो चर्मकार. उत्तम पोशाखाचं सगळं ज्ञान बहुजनांच्या हातांत आहे. ज्याच्या बापाने जन्मभर दुसऱ्यांच्या कोटाचे खांदे बसवले, त्याच्या मुलाला कोट घालायची अक्कल नाही असं म्हणणं हा निव्वळ उद्धटपणा आहे.

म्हणून दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली तुम्हाला. हे नियम शिका, न लाजता शिका आणि त्यांना नियमापेक्षा जास्त किंमत देऊ नका. हप्त्यावर महागडा सूट घेऊ नका. एक गडद निळा किंवा राखाडी कोट, दोन पांढरे शर्ट, काळे लेसचे बूट एवढ्यावर पहिलं वर्ष निघतं. कोट निवडताना खांदे पाहा. बाही आणि कंबर ओळखीचा टेलर थोडक्या पैशांत बसवून देईल, खांदा सहसा बसत नाही. गळ्याचं बटण लावल्यावर दोन बोटं आत जायला हवीत. आणि एखाद्या दिवशी चूक झालीच, तर ती टायची चूक आहे, तुमची नाही.

दुसरी गोष्ट कॉलेजांना आणि कंपन्यांना. पोशाखाची अपेक्षा असेल तर ती आधी लेखी कळवा, साध्या शब्दांत आणि खर्चाच्या अंदाजासह. न सांगितलेल्या नियमावर गुण कापणं ही परीक्षा नव्हे, ती वंशावळीची चौकशी आहे.

आणि जे ही वाट चालून गेले आहेत त्यांनी मागच्यांसाठी एवढं करावं. प्लेसमेंटच्या आधी हॉस्टेलच्या खोलीत एक संध्याकाळ ठेवावी. टायची गाठ दाखवावी, आपला कोट घालून बघू द्यावा, फुलीचा टाका उसवून द्यावा. हसू नये. आपल्याला कुणी हसलं होतं, तेवढं पुरे.