जुन्या जालन्यांत समुद्र

घरीं प्रवाळांचा मोठा हौद मांडावा, अशी इच्छा आमच्या कांहीं विद्यार्थ्यांनीं दर्शविली आहे. हौस स्तुत्य खरी. परंतु पालकांनीं हिशेब पाहावा. ५०० लिटर पाण्यास सुमारें साडेसतरा किलो क्षार लागतात, आणि तें पाणी आर. ओ. यंत्राचें हवें. असें एक लिटर मिळवितांना कित्येक यंत्रें दोन-तीन लिटर वाहून टाकितात! पाणी उडतें, क्षार मागें राहतात. म्हणून गोड्या पाण्याची भर निराळीच. जायकवाडीहून येणाऱ्या पाण्याची वाट पाहत घागरी मांडणाऱ्या गांवांत हें आम्हांस शोभत नाहीं. वीज गेली कीं पंप थांबतो, व मुके जीव गुदमरतात. शिवाय कठीण प्रवाळांस १९७२ च्या वन्यजीव कायद्याचें संरक्षण आहे. ते मालवणच्या समुद्रांतच असूं द्यावे. शाळेंत पावसाच्या पाण्यानें लहानसा हौद भरून गोड्या पाण्यांतील मासे पाळण्यास मात्र आमची ना नाहीं.